घडीची रडार कमान: पाईप नंतर, आधी पाय

या वेळच्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच कामाबद्दल आहेत: बोटीवर रडार, दिवा आणि अँटेना उंच धरणारी पाईपची कमान. बोट राहते नाशिकच्या शेडमध्ये, चालते समुद्रात आणि मधला घाट ट्रेलरवरून पार करते. अशा बोटीवर उभी पक्की कमान बसवता येत नाही, ती पाडता यावी लागते. सगळी उत्तरे एकाखाली एक दिली आहेत, कारण एका पत्रातली चूक दुसऱ्या पत्रातल्या प्रश्नाचे उत्तर ठरते.

प्रश्न: माझी २१ फुटी फायबरची बोट आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. ट्रेलरवर असताना बोटीचा काठ जमिनीपासून १.७० मीटरवर येतो. अंबडच्या शेडचे शटर २.७५ मीटर आहे. १.४५ मीटर उंचीची कमान आणि तिच्यावर १८ इंची रडार बसवायचे आहे. कमान पुढे पाडावी की मागे? काम कोणत्या क्रमाने करावे? काठाची आतली रुंदी सव्वादोन मीटर आहे. काच कमानीच्या जागेपासून २.२ मीटर पुढे आहे.
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: कमान उभी असताना १.७० अधिक १.४५ अधिक रडारच्या डब्याचे पाव मीटर, म्हणजे एकूण उंची ३.४० मीटर होते. शटरमधून ती जाणारच नाही. काच २.२ मीटर पुढे असल्यामुळे तुम्ही कमान पुढे पाडा. मागे पाडली तर ती इंजिनच्या डोक्यावर येते आणि ट्रेलरच्या मागे जवळजवळ मीटरभर बाहेर लोंबते.

कमानीला दोन समांतर घोडे (उलट्या यू आकाराचे वाकवलेले पाईप) ठेवा, त्यांच्यात ३५ सेंटिमीटर अंतर. पुढच्या दोन पायांना बिजागरी आणि मागच्या दोन पायांना निघणारी पिन. यात एक चांगली गोष्ट आपोआप साधते. उभ्या कमानीचा भार बिजागरीच्या थोडा मागे पडतो, त्यामुळे पिन घालेपर्यंत कमान स्वतःच मागच्या पायांवर टेकून उभी राहते. पाडल्यावर पुढचा घोडा डेकलगत येतो आणि मागचा त्याच्या वर. रडारच्या डब्यासकट सगळ्यात उंच टोक जमिनीपासून सुमारे २.२ मीटरवर राहते, म्हणजे शटरखाली अर्धा मीटर मोकळा मिळतो.

स्टील कापण्याआधी प्लंबिंगच्या सव्वा इंची पीव्हीसी पाईप आणि एल्बोंची पूर्ण मापाची खोटी कमान बांधा. रडारच्या जागी ५० सेंटिमीटर व्यासाचा पुठ्ठा लावा. ती बोटीवर उभी करून सावकाश पाडा. सीटची पाठ, मासेमारीच्या गळाचे होल्डर, स्टिअरिंग, कुठे काय अडते ते अर्ध्या दिवसात कळते. ही पायरी गाळली तर वेल्डिंग झाल्यावर पाय कापावे लागतात.

आता पाय. सगळ्यांचे लक्ष पाईपच्या जाडीवर असते, पण कमान निकामी होते ती पायांत. तुमच्या मापाच्या कमानीचे वजन पट्ट्या आणि प्लेटांसह सुमारे २२ किलो, तिचा गुरुत्वमध्य पायापासून मीटरभर उंच. रडार, दिवा आणि अँटेना मिळून ८ किलो धरले तर ते दीड मीटर उंचीवर. दोन्ही मिळून ३४ किलो-मीटरचा (किलो गुणिले मीटर) पीळ होतो. बोट लाटेवर आपटताना तिप्पट धक्का धरला तर १०२. पुढच्या आणि मागच्या पायांत ३५ सेंटिमीटर अंतर असेल तर मागच्या प्रत्येक पायावर सुमारे १४५ किलोची वर ओढ येते. तेच अंतर १० सेंटिमीटर ठेवले तर ५१० किलो. आठ मिलिमीटरचा स्टेनलेस बोल्ट एवढ्याने तुटत नाही. फाटतो तो डेक.

म्हणून क्रम असा ठेवा. प्रत्येक पायाखाली डेकच्या आतल्या बाजूने हात पोचतो का, हे सगळ्यात आधी पाहा. हात पोचत नसेल तर पायाची जागा बदला किंवा तपासणीचे झाकण बसवा. डेकमध्ये नुसते स्क्रू मारून कमान उभी करू नका. प्रत्येक पायाला ४ बोल्ट, एम-८, ३१६ दर्जाच्या स्टेनलेसचे. एकूण १६ बोल्ट, ३२ रुंद वॉशर आणि १६ नायलॉक (आपोआप सैल न होणारे) नट. डेकखाली ६ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची किंवा १० मिलिमीटर ग्लास-इपॉक्सी शीटची बॅकिंग प्लेट, डेकवरच्या, पायाखालच्या बेस प्लेटपेक्षा चारही बाजूंनी निदान ४० मिलिमीटर मोठी, कोपरे गोल केलेले. टोकदार कोपरा फायबरला करवतीसारखा कापतो.

डेक दोन थरांचा असून मध्ये बाल्सा, फोम किंवा प्लायवूड असेल तर बोल्टसाठी थेट भोक पाडू नका. आधी १६ मिलिमीटरचे भोक वरच्या थरातून आणि गाभ्यातून पाडा. खालचा थर शाबूत ठेवा. कडेचा गाभा थोडा खरवडून काढा. त्यात सिलिका पावडर घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरा. रेझिन आणि हार्डनर वजनकाट्यावर मोजून घ्या, अंदाजाने ओतू नका. चोवीस तासांनी मधोमध ८.५ मिलिमीटरचे भोक आरपार पाडा. आता बोल्ट कितीही आवळला तरी गाभा दबत नाही आणि पाणी आत शिरले तरी लाकडाला लागत नाही.

सीलंट पॉलियुरेथेनचा, मरीन दर्जाचा. सिलिकॉन नको. ते पायाखाली धरून राहत नाही, आणि एकदा लागले की त्या जागेवर पुढे काहीच चिकटत नाही. भोकाच्या तोंडाला हलकी खोबण करा म्हणजे बोल्टभोवती सीलंटची कडी बनते. आधी अर्धेच आवळा, सीलंट धरला की मग पक्के करा. त्या वेळी बोल्टचे डोके पान्ह्याने स्थिर धरून फक्त नट फिरवा, नाहीतर बसलेला सीलंट तुटतो.

प्रश्न: आमच्या वर्कशॉपमध्ये वाइनरीच्या टाक्या आणि डेअरीची पाईपलाइन होते. एका ग्राहकाने अशी कमान करायला दिली आहे. शिल्लक ३०४ पाईप वापरावा का? वजन कमी करायला अ‍ॅल्युमिनियम बरे का? आणि बिजागरी कशी करावी?
— एक वाचक, सातपूर एमआयडीसी

उत्तर: वाइनसाठी ३०४ ठीक आहे, खाऱ्या वाऱ्यासाठी नाही. त्यात मॉलिब्डेनम नसते. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असते आणि क्लोराइडला तेच अडवते. ३०४ ची कमान पहिल्याच मोसमात चहाच्या डागांसारखी डागाळते, मग वेल्डजवळ टोचे पडतात. ३१६ एल घ्या, ३८ मिलिमीटर बाहेरचा व्यास, २ मिलिमीटर भिंत. मीटरला साधारण १.८ किलो बसतो. दोन घोड्यांना मिळून १० मीटर लागतो, वाया जाणारे तुकडे धरून १२ मीटर आणा. लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि तुकड्याची स्पेक्ट्रो (धातूतले घटक मोजणारी) तपासणी करून घ्या.

तुमच्याकडे डेअरीचे काम होते म्हणजे आर्गॉन वेल्डिंग आणि आतून पर्जिंग (वेल्ड करताना पाईपच्या आत आर्गॉन भरणे) दोन्ही हाताशी आहे. इथेही पर्जिंग करा, आत साखरेसारखा खरबरीत झालेला वेल्ड समुद्रात आतून गंजतो. माइल्ड स्टीलवर वापरलेले ग्राइंडिंग व्हील आणि तारेचा ब्रश या कामाला लावू नका. वेल्ड झाल्यावर पिकलिंग पेस्ट (वेल्डचा काळा थर काढणारी आम्लाची पेस्ट), मग भरपूर पाणी. प्रत्येक पायाच्या तळाशी ६ मिलिमीटरचे निचऱ्याचे भोक ठेवा.

अ‍ॅल्युमिनियममध्ये ६०६१ टी-६ चा ५० मिलिमीटर व्यासाचा, ३ मिलिमीटर जाड पाईप मीटरला १.२ किलो भरतो, म्हणजे दहा मीटरला सहा किलो वाचतात. पण वेल्डजवळ त्याची टी-६ ताकद (उष्णता देऊन आणलेली) मोठ्या प्रमाणात उतरते, म्हणून प्रत्येक कोनात गसेट (त्रिकोणी आधारपट्टी) द्यावी लागते. शिवाय स्टेनलेसची पिन अ‍ॅल्युमिनियममध्ये खाऱ्या पाण्यासह बसली की अ‍ॅल्युमिनियम खाल्ले जाते आणि पांढरी भुकटी होऊन बिजागरी जाम होते. घडीच्या कमानीत हलणारा सांधाच मुख्य असल्यामुळे आम्ही स्टेनलेसच सुचवू. वजनाची अडचण पुढच्या उत्तरातल्या गॅस स्प्रिंगने सुटते.

बिजागरी अशी: दोन कानांच्या मध्ये पायाची जीभ, सगळ्या प्लेटा ८ मिलिमीटर, पिन १२ मिलिमीटर ३१६ ची, जिभेच्या भोकात डेलरिनचा (एक कठीण प्लास्टिक) बुश. नायलॉन पाणी पिऊन फुगते, म्हणून डेलरिन. आता महत्त्वाचे. पिन फक्त फिरवण्यासाठी आहे, भार वाहण्यासाठी नाही. उभ्या स्थितीत पायाची सपाट टाच बेस प्लेटवर पूर्ण टेकली पाहिजे आणि पुढे-मागे दोन्ही पाय हँडलच्या एम-१० बोल्टने आवळले पाहिजेत. टाच टेकत नसेल तर सगळा धक्का पिनवर जातो आणि काही फेऱ्यांत भोक अंडाकृती होते. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट कोरडा फिरवलात तर तो चिकटून बसतो आणि कापावा लागतो. अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारे ग्रीस) लावाच.

दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्या एका सरळ रेषेत हव्यात. बोटीचा काठ मागे निमुळता होतो आणि डेक बाहेरच्या बाजूला उतरता असतो. बेस प्लेट डेकवर तशीच ठेवली तर दोन पिना एकमेकींकडे तिरक्या बघतात. चारही भोकांतून बारीक तार ताणा. १२ मिलिमीटरची सळई दोन मीटरवर झोल खाते, ती यासाठी चालत नाही. तार भोकांच्या मधोमध येईपर्यंत बेस प्लेटखाली पाचर घाला, आणि मग त्या मापाचे एचडीपीई प्लास्टिकचे तिरके ठोकळे तासून घ्या.

प्रश्न: एकट्याने उचलता यावी म्हणून गाडीच्या डिकीचे गॅस शॉकअप लावले तर?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर: लावा, पण हिशेब करून आणि स्टेनलेसचे. डिकीच्या शॉकअपची काळी दांडी खाऱ्या हवेत गंजून खरबरीत होते, तिने सील कापले जाते आणि गॅस जातो.

वरच्याच कमानीचे आकडे घेऊ. पूर्ण पाडलेल्या स्थितीत ३४ किलो-मीटर, म्हणजे सुमारे ३३३ न्यूटन-मीटर. हाताने टोकाला धरून उचलायला सुमारे २३ किलो जोर लागतो. शेडमध्ये जमेल, हलत्या बोटीत कंबर धरेल. पाडलेल्या स्थितीत स्प्रिंगची दांडी बिजागरीपासून १५ सेंटिमीटर लंबांतरावर असेल अशी बसवली, तर ८५० न्यूटनच्या दोन स्प्रिंगा २५५ न्यूटन-मीटर उचलतात. हाताला उरतात जेमतेम ६ किलो.

आता धोका पाहा. रडार काढल्यावर नुसत्या कमानीचा भार २१६ न्यूटन-मीटरच राहतो आणि स्प्रिंगा तर २५५ ने ढकलत असतात. पाडलेल्या कमानीवरून रडार सोडवले की शेवटचा बोल्ट निघताक्षणी कमान उसळून वर येते. तोंडावर बसली तर जबडा फुटेल. रडारला हात लावण्याआधी कमान पट्ट्याने बांधा, किंवा रडार कमान उभी असतानाच काढा. ही सूचना कमानीवर कोरून लिहा, कारण पुढचा मिस्त्री तुमचा हिशेब वाचून येणार नाही.

गॅसचा दाब दर १० अंशांना साधारण साडेतीन टक्के बदलतो. नाशिकच्या डिसेंबरातल्या पहाटेच्या ८ अंशांपासून मेच्या ४० अंशांपर्यंत जवळजवळ ११ टक्के फरक पडतो. त्यामुळे स्प्रिंग कधीही शंभर टक्के भाराच्या मापाची घेऊ नका. कमान जास्तीत जास्त वेळ ज्या स्थितीत राहते, त्या स्थितीत दांडी खाली यावी. आतले तेल सीलवर राहते.

प्रश्न: रडारची केबल बिजागरीतून कशी न्यावी? आतून की बाहेरून?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: पायाच्या आतून वर न्या, पण बिजागरीजवळ बाहेर काढा. बिजागरीच्या आतून गेलेली केबल दर वेळी एकाच बिंदूत मोडते. बिजागरीच्या वर १५ सेंटिमीटरवर बाहेर, डेकवरच्या ग्लँडमध्ये (केबलभोवती पाणी अडवणारी तोटी) आत, आणि मध्ये मोकळा फास. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या दहा पटींपेक्षा कमी नको. ९ मिलिमीटरची केबल असेल तर ९ सेंटिमीटर. फासाचा तळ ग्लँडपेक्षा खाली ठेवा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. कमान तीन-चार वेळा पाडून पाहा, मगच क्लिपा पक्क्या करा.

कनेक्टर कापून पुन्हा जोडण्याचा मोह आवरा. कनेक्टर जाईल एवढे भोक पाडा, बहुधा ३० ते ३५ मिलिमीटर. कडा घासून रबरी ग्रोमेट बसवा. वीज देणारी तार कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची. बॅटरीपासून रडारपर्यंत १० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन २० मीटर, आणि ३ अँपिअर धरले तर २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेत ०.४२ व्होल्ट पडतो. १२ व्होल्टवर ३ टक्क्यांची मर्यादा ०.३६ आहे. म्हणून ४ चौरस मिलिमीटर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.

कमान पाडण्याआधी रडारचा ब्रेकर बंद करायचाच, स्टँडबायवर ठेवून भागत नाही. आडव्या झालेल्या रडारची शलाका (लहरींचा झोत) सरळ बसलेल्या माणसांवर आणि आकाशात फिरते. आडव्या डब्याचे निचऱ्याचे तोंडही बाजूला होते, तेव्हा पावसात उघडा ठेवू नका, वरून कव्हर घाला.

प्रश्न: कमान जितकी उंच तितके रडार लांबचे पाहते ना? मग १.४५ वर का थांबायचे?
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर: क्षितिजाचे अंतर सागरी मैलांत काढायचे तर मीटरमधल्या उंचीच्या वर्गमुळाला २.२१ ने गुणायचे. रडार पाण्यापासून २.२ मीटरवर असेल तर ३.३ सागरी मैल, ३ मीटरवर असेल तर ३.८. ऐंशी सेंटिमीटर चढून अर्धा मैल मिळाला. पायावरचा पीळ मात्र दीडपटीच्या पुढे गेला. समोरची वस्तू स्वतः ३ मीटर उंच असेल तर खालच्या रडारलाही ती सात मैलांवरून दिसू शकते.

उंची ठरते ती माणसांच्या डोक्यांवरून. या आकाराच्या रडारची शलाका उभ्या दिशेत सुमारे २५ अंश पसरते, म्हणजे मध्यापासून खाली साडेबारा. सुकाणूवर उभा माणूस दीड मीटर पुढे असेल तर तिथे शलाका ३३ सेंटिमीटर खाली आलेली असते. रडार त्याच्या डोक्यापेक्षा तेवढे आणि वर आणखी हातभर उंच हवे. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतले सुरक्षित अंतर याहून जास्त असेल तर तेच पाळा. वेगात नाळ तीन-चार अंश वर उचलली जाते, तेव्हा रडार पुढच्या बाजूला तेवढे झुकवा. बोल्टांमध्ये २५ सेंटिमीटर अंतर असेल तर ४ अंशांना मागे १७ ते १८ मिलिमीटरची पाचर लागते.

जीपीएस अँटेना शलाकेच्या पातळीत ठेवू नका. बारा मीटरपेक्षा लहान बोटीचा चहूकडून दिसणारा पांढरा दिवा बाजूच्या दिव्यांपेक्षा निदान १ मीटर वर हवा आणि रडारच्या डब्याआड जाऊ नये. त्याला डब्याच्या मागे उंच दांडी द्या. कमान पाडली की हा दिवाही खाली जातो, म्हणून पाडलेल्या कमानीने रात्री चालायचे नाही.

प्रश्न: कमान बसवून एक पावसाळा झाला. आता ती खडखडते, पाडताना अर्ध्यात अडकते आणि मागच्या एका पायाखालून तपकिरी पाणी येते. काय आवळावे?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: काहीही आवळू नका. तपकिरी पाणी म्हणजे डेकच्या आतले लाकूड कुजू लागले आहे. आवळलात तर कुजका गाभा दबेल, वरचा थर वाटीसारखा खचेल आणि आणखी पाणी आत जाईल. कमान उतरवा. पायाभोवती नाण्याने ठोकून पाहा. टणक आवाज येतो तिथपर्यंत गाभा बरा, भदभद आवाज येतो तिथपर्यंत गेलेला. ती हद्द पेन्सिलीने आखा. वीतभराच्या आत असेल तर खालच्या बाजूने आतला थर कापून कुजका गाभा काढा, पूर्ण वाळू द्या, नवा तुकडा इपॉक्सीत बसवून वर काचकापडाचे थर द्या आणि पहिल्या उत्तरातल्या रीतीने भोके पाडा. वाळण्याची घाई करू नका. नाशिकची मार्च-एप्रिलची कोरडी हवा यासाठी उत्तम, जुलैत हे काम सुरूच करू नये.

अर्ध्यात अडकणे म्हणजे बिजागऱ्या एका रेषेत नाहीत. सातपूरच्या वाचकाला सांगितलेली तारेची तपासणी करा. पिनेला कानस मारून सैल करणे हा उपाय नव्हे, त्यानेच खडखड वाढते. खडखडीसाठी भोके मापा. १२ च्या जागी १२.५ झाले असेल तर भोक मोठे करून नवा बुश बसवा आणि टाच बेस प्लेटवर टेकते का पाहा. टाच आणि प्लेट यांच्यात कागद सरकता कामा नये. हलत्या बिजागरीने रडारची दिशाही सरकते. १ अंश चूक झाली तर एका सागरी मैलावरची होडी ३२ मीटर बाजूला दिसते.

दुरुस्तीनंतर कमान उभी करून माथ्याला ताणकाटा अडकवा आणि २५ किलोने आडवे ओढा. पायाशी हालचाल दिसली तर बोट घाट उतरवू नका. कसाऱ्याकडे निघताना पाडलेल्या कमानीचा भार बिजागरी आणि गॅस स्प्रिंगवर सोडायचा नाही. माथ्याखाली रबर लावलेला टेका ठेवा, दोन रॅचेट पट्ट्यांनी कमान डेकच्या कड्यांना बांधा, आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा. रडारच्या डब्यावर पट्टा कधीच टाकू नका, तो पाईपवरच घ्या. निघण्याआधी टायरमध्ये हवा भरलेली असताना सगळ्यात उंच टोकाचे माप घ्या आणि तो आकडा ट्रेलरच्या दांड्यावर रंगाने लिहा. रेल्वेच्या भुयारी मार्गापुढचा हाइट गेज (उंचीची मर्यादा दाखवणारा आडवा दांडा) आला की चालवणाऱ्याला तो आकडा समोर दिसला पाहिजे.